हॅलोविन, हलाल-हराम आणि आमचा लाल डबा

"पोरांना भुतं करून दारोदार भीक मागायला पाठवतेस म्हणे?"

मुंब्र्याहून मामूंचा फोन होता. सलाम-दुआ नंतर झाली, आधी हा सवाल. कुणीतरी त्यांना आमचा फोटो पाठवला होता. फोटोत माझ्या मुलाच्या अंगावर लाल रंगवलेला पुठ्ठ्याचा खोका आहे, मुलीच्या अंगात खाकी शर्ट आहे आणि गळ्यात पत्र्याचा डबा. मी डोक्यावर बोचकं घेऊन उभी आहे.

"मामू, भूत कुठं दिसलं तुम्हाला? एसटी आहे ती. दापोली-मुंबई. धाकटी कंडक्टर आहे आणि मी पॅसेंजर."

मामू हसले. क्षणभरच. मग म्हणाले, "एसटी असो नाही तर बोट. दिवस तर त्यांचाच ना?"

हा लेख त्या 'त्यांचा' या शब्दाला उत्तर म्हणून लिहिते आहे. कारण हा शब्द एकट्या मामूंचा नाही. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून दर ऑक्टोबरमध्ये मी तो ऐकते. जुम्याच्या खुतब्यात ऐकते, हळदीच्या जेवणाला जमलेल्या बायकांत ऐकते, मायदेशातून येणाऱ्या मेसेजमध्ये वाचते. ३१ ऑक्टोबरला मुलांना घरात ठेवा, दिवे मालवा, कुणी बेल वाजवली तर दार उघडू नका. धर्म वाचवण्याचा हा सोपा उपाय सांगितला जातो. मी तो एकदा करून पाहिला आहे. म्हणूनच त्याच्याविरुद्ध बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असं मी मानते.

अंधारात बसलेलं घर

आम्ही इथं २०१२ साली आलो. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या भागातली वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. घरात तीन वर्षांचा मुलगा, थंडी मी म्हणत होती आणि गल्लीत आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ स्वतःहून आले. त्यांच्याकडे जनरेटर होता. आमचे फोन त्यांनी चार्ज करून दिले, पोरासाठी दूध गरम करून दिलं. आमचं नाव काय, धर्म काय, हे त्यांनी त्या दिवशी विचारलंही नाही.

त्या वर्षी आणखी एक गंमत झाली. रस्त्यांवर झाडं आणि तारा पडलेल्या, अशात मुलं संध्याकाळची फिरणार कशी? म्हणून राज्याच्या गव्हर्नरांनी आदेश काढून हॅलोविन ३१ ऑक्टोबरवरून ५ नोव्हेंबरला नेला. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. आज तोच माझा पहिला मुद्दा आहे. मुख्यमंत्र्यांनी आदेश काढून शब-ए-बरात पाच दिवस पुढं ढकलली, असं कधी ऐकलंत का? ईद ढकलता येते का, किंवा एकादशी? जो दिवस सरकारी हुकमानं सोमवारवर नेता येतो आणि त्याबद्दल एकही पाद्री तक्रार करत नाही, तो उपासनेचा दिवस आहे की गल्लीतल्या पोरांचा, याचा विचार तरी करा.

पण मी तेव्हा विचार केला नाही. पुढच्या वर्षी, २०१३ साली, मशिदीत ओळखी झाल्या होत्या. बायकांनी सांगितलं, त्या रात्री पोर्चचा दिवा बंद ठेवायचा. मी ठेवला. समोरच्या खोलीतलाही मालवला. पडदे ओढले आणि मुलाला घेऊन मागच्या खोलीत बसले. बाहेरून पोरांचे आवाज येत होते. दोनदा बेल वाजली. ज्यांना नियम ठाऊक होता ती मुलं अंधार बघून पुढं गेली, पण काही लहान होती, त्यांना काय कळणार?

माझा मुलगा चार वर्षांचा होता. तो कुजबुजत म्हणाला, "अम्मी, आपण लपलोय का? आपण काय केलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभरापूर्वी ज्या माणसानं त्याच्यासाठी दूध गरम करून दिलं, त्याचीच नातवंडं कदाचित दारात उभी होती आणि मी श्वास रोखून बसले होते. यात माझा कोणता ईमान वाचला, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

मूळ शोधायचंच तर सगळ्यांचं शोधा

'याचं मूळ शिर्कात आहे' हा विरोधकांचा हुकमी एक्का. मूळ शोधूया, माझी ना नाही.

आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या बाजूच्या केल्ट लोकांमध्ये सुगी संपून हिवाळा लागताना 'सॉविन' नावाचा सण होता. त्या वेळी मेलेले आणि जिवंत यांच्यातला पडदा विरळ होतो असा समज होता. पुढं ख्रिस्ती चर्चनं १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला. नवव्या शतकात तो सगळीकडे लागू झाला. त्याच्या आदल्या संध्याकाळचं जे इंग्रजी नाव, त्याचाच अपभ्रंश म्हणजे हॅलोविन. दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचं स्मरण. त्या निमित्तानं ब्रिटनमध्ये गरीब माणसं आणि मुलं घरोघर जात, छोटे गोड पाव घेत आणि त्या बदल्यात त्या घरच्या मेलेल्या माणसांसाठी दुआ करत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुलं सोंगं काढून जात, एखादं गाणं म्हणत, नकला करत आणि सुकामेवा किंवा फळं मिळवत. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिश माणसं लाखोंनी अमेरिकेत आली. त्यांच्यासोबत ही चालही आली. तिकडे सलगम कोरून दिवे करत, इथं भोपळा मुबलक म्हणून भोपळा कोरला जाऊ लागला. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द तर शंभरएक वर्षांपूर्वीचे. मुलांच्या खोड्यांना आवर घालायचा म्हणून मोठ्यांनी खाऊची वाट काढली आणि दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग उठल्यावर ती देशभर रूढ झाली.

आता सांगा, यातलं काय अनोळखी वाटतं? मेलेल्यांची आठवण, त्यांच्या नावानं काही गोड वाटणं, त्यांच्यासाठी दुआ मागणं. आपल्या घरात शब-ए-बरातीला हलवा होतो. कब्रस्तानात अगरबत्त्या लागतात, पोरं फुलबाज्या उडवतात. त्यालाही बिदअत म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं मी ऐकते. पण माझी आजी दर वर्षी चण्याच्या डाळीचा हलवा शेजारच्या कुणब्याच्या घरी पाठवत असे. ती शिर्क करत होती असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. मूळ शोधत गेलं तर आपल्या लग्नातली हळद कुठली? मेहंदीची रात्र कुठली? हळदीला नाचून आलेली माणसंच दुसऱ्या दिवशी मला हॅलोविनचं मूळ सांगतात, तेव्हा मला प्रश्न पडतो. हा धर्माचा आग्रह आहे, की आपल्या सवयी हलाल आणि दुसऱ्यांच्या हराम, एवढाच हिशेब आहे?

दुसरा आधार तशब्बुहच्या हदीसचा. जो ज्या कौमसारखा होऊ पाहतो तो त्यांच्यातला, अशा आशयाची ती हदीस आहे आणि त्या आधारावर अनेक उलेमांनी हॅलोविन नाजायज ठरवला आहे. ते मी लपवत नाही. मी आलिमा नाही, फतवा देण्याची माझी पायरी नाही. ज्यांचं मन त्या मतावर ठाम आहे त्यांनी खुशाल घरी बसावं. पण एक पाहा. नक्कल धर्माची आणि नक्कल रिवाजाची, यांत फरक करण्याची परंपराही आपल्याच फिकहमध्ये आहे. नाही तर पँट-शर्ट, वाढदिवसाचा केक, मुलांच्या शाळेतला पदवीचा काळा झगा, सगळंच बाद करावं लागेल. आणि ज्या कुराणात जवळच्या शेजाऱ्याचा आणि अनोळखी शेजाऱ्याचा हक्क वेगवेगळा नाव घेऊन सांगितला आहे, त्या कुराणाचा दाखला या चर्चेत कुणीच का देत नाही?

शिंगं लावलेला सैतान, रक्तानं माखलेलं प्रेत, प्लँचेटचे खेळ हे मलाही नको आहेत. आम्ही ते कधी केले नाहीत. पण तेवढं वगळल्यावर काय उरतं? सोंग काढलेलं पोर, हातात पिशवी आणि शेजाऱ्याचं दार. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्याच घरचं विसरलो

माझं बालपण कुवेतमध्ये गेलं. कोकणातल्या अनेक घरांसारखं आमचंही घर अब्बांच्या आखाती पगारावर उभं राहिलं. आम्ही हवल्लीत भाड्यानं राहायचो. रमजानच्या मध्यावर, तेरावी ते पंधराव्या रात्रीच्या सुमाराला, तिथं 'गरगीआन' असायचं. इफ्तार झाली की पोरं नटूनथटून बाहेर पडत. गळ्यात कापडी पिशवी. घरोघर जाऊन गाणी म्हणायची, त्या घरच्या मुलाला दुआ द्यायची आणि पिशवीत बदाम, अक्रोड, चॉकलेटं घ्यायची. आम्ही परके, भाषा तोडकीमोडकी, पण अम्मीनं बासमतीच्या रिकाम्या पोत्याच्या पिशव्या शिवून दिल्या होत्या. घरमालकीण ओंजळभर सुकामेवा टाकायची आणि गालाला चिमटा काढायची. ओमानात यालाच करनकशो म्हणतात, कतारमध्ये गरंगाओ. अमिरातीत शाबानच्या मध्यावर हक अल-लैला असते. त्यावरही नाक मुरडणारे आलिम आहेत, पण अरबांची पोरं अजून फिरतात. माझ्या मामूंनी स्वतः मस्कतमध्ये वीस वर्षं काढली. करनकशोच्या पोरांना त्यांनी किती वेळा खाऊ दिला असेल! तेव्हा कुणी त्यांना भीक वाटली नाही.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. आम्ही इतर हिंदी लोकांबरोबर अम्मानमार्गे परत आलो. मी दहा वर्षांची होते. थेट दापोली तालुक्यातल्या गावी. पुढच्या शिमग्यात मी पहिल्यांदा संकासुर पाहिला. अंगात काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. मी घाबरून दादीच्या मागं लपले. दादीनं मला पुढं ओढलं. खेळ्यांच्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाली, "घाबरतेस काय बाय, आपल्या वाडीचाच पोरगा आहे तो." मुखवट्याच्या आतला माणूस ओळखीचा आहे, एवढं एका वाक्यात तिनं मला शिकवलं.

आणि मोहरम? दख्खनमध्ये इमाम हुसेनच्या नावानं लहान मुलांना हिरवे कपडे घालून फकीर करत आणि ती मुलं पाच घरं मागून येत. कित्येक हिंदू आयाही नवस बोलून आपली मुलं फकीर करत. अंगभर पट्टे रंगवून वाघाचं सोंग घेणारे मोहरमच्या मिरवणुकीत नाचत. जाफर शरीफ यांच्या १८३२ साली इंग्रजीत छापलेल्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात मोहरमच्या अशा सोंगांची लांबलचक जंत्री आहे. ताबूत थंड करून आलेल्या समाजाच्या नातवंडांना आज सांगितलं जातं की सोंग काढणं आणि दारोदार जाणं ही गोऱ्यांची चाल आहे!

मी हॅलोविन आपलाच आहे असं म्हणत नाही. दापोलीत असते तर मी तो साजरा केला नसता, त्याचं तिथं काही काम नाही. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये प्लास्टिकचे भोपळे टांगतात, त्याचं मला हसू येतं. जिथं शिमगा आहे, ताबूत आहेत, तिथं ही उसनवारी कशाला? पण मी जिथं राहते तिथं वर्षातून एकच संध्याकाळ अशी असते की सगळी गल्ली दारं उघडून बसते. त्याच संध्याकाळी मी दार लावून बसावं?

खोका, रंग आणि डबल बेल

आता थोडं सोंगाबद्दल. माझं भांडण फक्त मौलानांशी नाही, बाजाराशीही आहे. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२३ साठी हॅलोविनच्या खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर सांगितला होता. त्यातला मोठा भाग पॉलिएस्टरच्या पोशाखांचा. एका रात्रीपुरते, धुतले की विटणारे, फेकून देण्यासाठीच शिवलेले. आणि त्याच दुकानात मांडणीवर आमचंही सोंग मिळतं. पांढरा झगा, डोक्यावर कापड, नकली दाढी. नाव 'अरब शेख'. एका वर्षी असा एक मुलगा आमच्या दारात उभा राहिला. दार माझ्या नवऱ्यानं उघडलं. त्याला खरी दाढी आहे. पोराच्या आईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हिजाबकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. नवऱ्यानं पोराला दोन चॉकलेटं जास्त दिली. मी दार लावून बसले असते तर त्या बाईला कधी काही वाटलंच नसतं.

म्हणून आम्ही ठरवलं की विकतचं काही घ्यायचं नाही. सोंग घरात करायचं आणि आपल्या गोष्टीतलं करायचं. एसटीची कल्पना मुलाची. सुट्टीत दापोलीहून केलेला प्रवास त्याला आठवत होता. करायला फार सोपं आहे, कुणाला करायचं असेल तर सांगते. फ्रीजच्या दुकानाबाहेर मोठे खोके फुकट मिळतात. वरचा आणि खालचा भाग कापायचा, दोन जुने ओढणीचे पट्टे खांद्यावर येतील असे बांधायचे, म्हणजे खोका अंगावर लटकतो आणि हात मोकळे राहतात. घर रंगवून उरलेला लाल रंग होता, मधला पट्टा पिवळा केला. कागदी ताटल्यांची चाकं. हेडलाइट म्हणून दह्याच्या डब्यांची झाकणं आणि त्यावर चमकणारी चिकटपट्टी. पुढं मराठीत पाटी, 'दापोली-मुंबई', आणि मागं 'हात दाखवा, बस थांबवा'. कंडक्टरला अब्बांचा जुना खाकी शर्ट टाचून घेतला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा ही तिकिटांची पेटी झाली आणि सायकलची घंटा आणली डबल बेलसाठी. नवऱ्याच्या गळ्यात 'विनंती थांबा' अशी पाटी. तो म्हणाला, यापेक्षा सोपं सोंग जगात नाही, फक्त उभं राहायचं. सगळा खर्च सात-आठ डॉलर आणि दोन संध्याकाळी.

या दोन संध्याकाळी माझी मुलं मराठी अक्षरं गिरवत होती. 'दापोली'मधला 'प' उलटा होतोय का, यावर भांडत होती. रविवारच्या मराठी वर्गात जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते एका खोक्यानं केलं. परकं अनुकरण म्हणणाऱ्यांनी याला काय म्हणायचं ते ठरवावं. न्यू जर्सीच्या गल्लीत त्या रात्री आमच्याइतकं मराठी दुसरं काही नव्हतं.

३१ ऑक्टोबर २०१७

ती एसटी ज्या वर्षी निघाली ते वर्ष २०१७. मंगळवार होता. दुपारी मुलं शाळेतून यायच्या सुमाराला बातमी आली. मॅनहॅटनमध्ये हडसनच्या काठच्या सायकलच्या वाटेवर एकानं भाड्याचा ट्रक घातला. आठ माणसं मेली. मारेकरी मुसलमान होता, आणि राहायला होता पॅटरसनला. आमच्याच राज्यात, जिथं आम्ही ईदचं मटण आणायला जातो तिथं.

फोन सुरू झाले. आज बाहेर पडू नका. हिजाब घालून तर नकोच. नवरा कामावरून लवकर आला. तो फार बोलणारा माणूस नाही. "आज नको," एवढंच म्हणाला. मुलगा खोका अंगात घालून दिवाणखान्यात उभा होता. धाकटी घंटा वाजवत होती.

मी घाबरले नव्हते असं नाही. घशाला कोरड पडली होती. पण मला २०१३ ची ती मागची खोली आठवली. आज दिवा मालवला तर मुलगा पुन्हा विचारणार, आपण काय केलं? आणि आता तो आठ वर्षांचा आहे, शाळेत जाऊन त्याचं उत्तरही तोच शोधणार. एका खुन्यानं आठ जीव घेतले. त्याच्यासाठी माझ्या पोरांनी तोंड लपवायचं, म्हणजे तो आमचा माणूस आहे हे आम्हीच कबूल केल्यासारखं. मी मगरिबची नमाज पढले, मेलेल्यांसाठी दुआ मागितली आणि नवऱ्याला म्हटलं, "पाटी गळ्यात घाला. गल्लीतलीच दहा घरं."

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. एका घराच्या पायरीवर आम्ही पोचतो न पोचतो तोच पोर्चचा दिवा गेला. मुलानं वर पाहिलं, मी म्हटलं, "खाऊ संपला असेल." तो काही बोलला नाही. पुढच्या दोन घरी नेहमीसारखं हसणं-बोलणं झालं. "फायर ब्रिगेड का?" "लंडनची बस?" धाकटी प्रत्येकाला ठणकावून सांगत होती, एसटी! शेवटी समोरच्या म्हाताऱ्यांकडे गेलो. ते पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी धाकटीकडून रीतसर तिकीट घेतलं, खोक्यावरची अक्षरं बोटानं चाचपली आणि मला म्हणाले, "आज तुम्ही येणार नाही असं वाटलं होतं. आलात, बरं केलंत." मग मुलांच्या पिशव्यांत मूठ मूठ चॉकलेटं टाकली. एवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली.

भीती कशाची धरायची

या चालीबद्दल भीतीचे आणखीही काही बागुलबुवा आहेत. अनोळखी माणसं चॉकलेटात विष घालतात, ही अफवा इथले पालकही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. कुणा परक्यानं वाटलेल्या खाऊनं मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्यांना खरं आढळलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासात एक मूल विषानं गेलं, पण विष देणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. खरा धोका मोटारींचा. १९७५ ते २०१६ मधल्या अपघातांचा अभ्यास झाला तेव्हा हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी मरण्याचा धोका मागच्यापुढच्या आठवड्यातल्या त्याच वारापेक्षा ४३ टक्के जास्त दिसला. म्हणून काळे कपडे नकोत, चमकणारी पट्टी हवी, तोंड झाकणारा मुखवटा नको आणि लहानांबरोबर मोठं माणूस हवंच. आम्ही शेजाऱ्याला घाबरतो आणि मोटारीला विसरतो.

राहिला खाऊ. त्यात डुकराचं जिलेटिन असतं, हा आक्षेप खरा आहे. मऊ चघळायच्या गोळ्यांत, मार्शमॅलोत ते बरेचदा असतं. त्यासाठी आमच्या घरी सोपा रिवाज आहे. घरी आल्यावर सगळ्या पिशव्या चादरीवर रिकाम्या करायच्या आणि प्रत्येक वेष्टणावरची बारीक अक्षरं मुलांनीच वाचायची. शंका आली की बाजूला, ते दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मित्रांना. माझी मुलगी सहाव्या वर्षी 'जिलेटिन' हा शब्द वाचायला शिकली. हरामपासून जपायचं कसं, हे तिला बंद खोलीत शिकवता आलं नसतं. आणि या खाऊचं दानही होऊ शकतं. १९५० मध्ये फिलाडेल्फियात काही मुलांनी दुधाचे रिकामे खोके घेऊन दारोदार खाऊऐवजी नाणी मागितली, युनिसेफसाठी, युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी. ती प्रथा अजून चालू आहे. दारात जाऊन स्वतःसाठी मागणं आणि दुसऱ्यासाठी मागणं, दोन्ही एकाच पिशवीत मावतं.

शेवटचं

माझ्या काही हिंदू मराठी मित्रांनाही एक सांगायचं आहे. "तुमच्यात हे चालतं?" असं भुवया उंचावून विचारता, त्यात कौतुक असतं हे मला कळतं. पण त्या 'तुमच्यात'मध्ये आणि मामूंच्या 'त्यांचा'मध्ये फारसं अंतर नाही. मुसलमान बाई एसटी होऊन रस्त्यावर उतरली याचं नवल वाटत असेल, तर तुमच्या मनातली मुसलमान बाई कुठल्या दुकानातून आणली होती, तेही एकदा तपासा.

आणि मशिदीतल्या जबाबदार मंडळींना विनंती. ३१ ऑक्टोबरला तुम्ही हॉलमध्ये मुलांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवता, पिझ्झा असतो, खेळ असतात. हेतू चांगला आहे. पण त्याच रात्री आपल्या प्रत्येक घराचा पोर्च अंधारा राहतो आणि गल्लीला तेवढाच संदेश पोचतो. मुलांना सोंग नको घालू देऊ, मंजूर. दारोदार नका पाठवू, तेही मंजूर. निदान एक मोठं माणूस घरी ठेवा. दिवा लावा, वाटीभर खाऊ घेऊन दारात बसा. दार उघडून शेजाऱ्याच्या मुलाला गोड देण्यात तशब्बुह कुठली?

मामूंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मस्कतला त्या पोरांसाठी मी शेंगदाणे आणून ठेवायचो, खरं आहे." आणि थोड्या वेळानं, "पण एसटीच्या पाटीवर मंडणगड का नाही लिहिलंस?" मामू मंडणगडचे.

मुलगा आता दहावीच्या वयाचा झाला. तो फिरायला जात नाही, दारात बसून खाऊ वाटतो. लाल खोका गॅरेजमध्ये आहे, एका बाजूनं ओल धरलेला. यंदा धाकटी म्हणते आहे, पाटी नवी करायची. मी तिला सांगितलं आहे की या वेळी मंडणगड लिही.